पेट्रोल गुजरातचं, रेशनकार्ड महाराष्ट्राचं

नवापूर-तळोद्याकडची मंडळी उच्छल-निझरच्या पंपावर टाकी भरतात, ते हिशेबाला धरूनच आहे. आपल्याकडे पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये, गुजरातेत १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के सेस. लिटरमागे नऊ-दहा रुपये सुटतात. डिझेलसाठी मात्र मुद्दाम जाऊ नका. आपला २१ टक्के व्हॅट आणि त्यांचा १४.९ अधिक ४ टक्के सेस, यात फरक जेमतेम रुपया-दीड रुपयाचा. शहाद्याहून खेतियाला जाऊन तर पेट्रोलही स्वस्त मिळत नाही. मध्य प्रदेशचा व्हॅट २९ टक्के आहे.

गाडीच्या बाबतीत मोह मोठा असतो. आठ लाखांच्या पेट्रोल कारवर महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये कर. गुजरातेत ६ टक्क्यांनी ४८ हजार. पण पासिंगला पत्ता तिथला लागतो, आणि परराज्याच्या नंबरची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, इथला करही भरावा लागतो. नातेवाइकाच्या नावावर गाडी घेऊन चाळीस हजार वाचवण्याची युक्ती मला तरी पटत नाही. विमा, मालकी, उद्याची विक्री, सगळंच दुसऱ्याच्या हातात.

पगारदारांचा व्यवसाय कर बघा. महिना वीस हजार पगार असलेल्या पुरुषाला महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये, गुजरातेत २,४००, मध्य प्रदेशात १,५००. महिलेला मात्र महाराष्ट्रात २५ हजार पगारापर्यंत शून्य. आयकर आणि जीएसटी सगळीकडे सारखेच. आदिवासींना आयकर माफ, असं इथे सर्रास ऐकू येतं. ती सवलत ईशान्येतल्या ठरावीक भागांना आणि लडाखला आहे, नंदुरबारला नाही.

आता मिळकतीची बाजू. लाडक्या बहिणीचे महिना १,५०० म्हणजे वर्षाचे १८ हजार; पात्र सगळ्या बायांसाठी अशी योजना गुजरातेत नाही, तिथे विधवांना महिना १,२५० मिळतात. बायांना एसटीचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपुरतंच, त्यामुळे सुरतच्या बसमध्ये सीमेपुढचं भाडं पूर्ण. उलट दवाखान्यात गुजरातची बाजू वरचढ: तिथल्या कार्डावर कुटुंबाला दहा लाखांचं संरक्षण, आपल्याकडे पाच लाखांचं.

तरीही दहा लाखांच्या आशेने तिकडचं रेशनकार्ड काढू नका. इथलं नाव कमी झालं की लाडकी बहीण आणि इथला दवाखाना दोन्ही अडचणीत येतात. दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांना धान्यासाठी कार्ड बदलायची गरजच नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे तिथल्या दुकानातही अंगठ्यावर धान्य मिळतं. मुकादमाची गाडी यायच्या आत घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी मात्र उरकून घ्या.