टेबलावरचं इंग्रजी

छोटे, क्लास लावायचा तर खुशाल लाव. फी तुझी, संध्याकाळही तुझीच. पण 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी'वाल्यांकडे काय शिकवतात ते आधीच सांगून ठेवते. स्वतःची ओळख करून देणं, हॉटेलात जेवण मागवणं आणि 'माझा आवडता सण' यावर दोन मिनिटं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा मेल आलेला असतो: तिसऱ्या पॅलेटमधल्या पेट्यांत मणीगळ दिसतेय, फोटो जोडलेत, तापमानाची नोंद पाठवा, तोवर पैसे थांबवतोय. तिथे आवडत्या सणाचं काय करणार बाई?

आणि 'मला इंग्रजी येत नाही' हे पालुपद आता बंद कर. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, म्हणजे तू अगदी त्या पिढीची. शाळेतली दहा वर्षं आणि पुढे बी.कॉम., एवढ्या काळात कानावरून काय कमी गेलंय का? आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकली आणि तेवढ्यावर थेट कलेक्टरला अर्ज लिहायची. तुझं अडतंय ते दुसरीकडे. तुला सगळंच इंग्रजी एकदम यायला हवंय. इंग्रजी सिनेमा कळला पाहिजे, बॉससारखे उच्चार आले पाहिजेत आणि मेलही लिहिता आला पाहिजे. व्यापाराचं इंग्रजी एवढं मोठं नसतं गं. ते चिमूटभरच आहे, फक्त काटेकोर आहे. आणि ते सगळं तुझ्या टेबलावर पडलेलं आहे.

आता टेबलावर काय काय असतं ते बघ. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, लॅबचा रिपोर्ट. यातला एकेक कागद घे आणि वाच, म्हणजे खरंच वाच. नुसते रकाने भरू नकोस. लॅबच्या रिपोर्टचंच घे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाटच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, शेतकरी अक्षरशः धुऊन निघाले. तेव्हापासून तो रिपोर्ट म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्याइतका जपायचा कागद. त्यात 'नॉट डिटेक्टेड' लिहिलंय की 'बिलो एलओक्यू', हे दोन्ही एकच नाही. पहिल्यात औषध सापडलंच नाही. दुसऱ्यात, असलंच तरी खात्रीनं मोजता येईल त्या पातळीच्या खाली आहे. खरेदीदारानं फोनवर विचारलं तर तुला हा फरक साध्या दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. त्या दोन वाक्यांची तयारी कुठल्याच क्लासात होत नाही.

मला वाटतं, आपल्या मुलींची निम्मी त-त-प-प भाषेमुळे नसतेच, विषय पक्का नसल्यामुळे असते. सीआयएफवर माल गेला की रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि विमा आपण भरतो. पण न्हावा शेवाला माल बोटीवर चढला की जोखीम खरेदीदाराची. हे डोक्यात पक्कं असेल तर मोडक्या इंग्रजीतसुद्धा तू ठामपणे बोलशील. हेच माहीत नसेल, तर लंडनचे उच्चार असूनही 'सॉरी सर, आय विल चेक सर' एवढंच तोंडातून निघेल. सीआयएफसारख्या एकूण अकरा अटी इन्कोटर्म्स २०२० मध्ये आहेत. आठवड्याला एक म्हटलं तरी तीन महिन्यांच्या आत संपतात. प्रत्येक अटीखाली मराठीत लिही: भाडं कोणाचं, विमा कोणाचा, जोखीम कुठे बदलते. मग तेच इंग्रजीत लिही. उलट क्रमानं जाऊ नकोस.

एलसीच्या, म्हणजे बँकेच्या पतपत्राच्या, बाबतीत तर मजाच आहे. बँका पाळतात ते यूसीपी ६०० चे नियम २००७ सालच्या जुलैपासून लागू आहेत. ते वाचायला घेतलेस तर तुझी व्याकरणाची भीतीच पळेल. तुला मेलमध्ये 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'ॲज सून ॲज पॉसिबल' असे शब्द पेरायची हौस आहे ना? एलसीत असे शब्द आले तर बँकेनं त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं, असं तिथे चक्क लिहिलंय. याउलट 'अबाउट'सारखा बापुडवाणा शब्द वजनाच्या किंवा रकमेच्या आधी बसला की दहा टक्के वर-खाली चालतं. 'ऑन ऑर अबाउट' एखाद्या तारखेला लागला तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंतची मुभा. 'अबाउट' नसेल तर वजनात पाच टक्के फरक चालतो, पण परिमाण पेट्यांच्या संख्येत दिलं असेल तर तोही नाही. म्हणजे 'वीस हजार किलो' लिहिलं तर थोडी सवलत, 'चार हजार पेट्या' लिहिलं तर चार हजारच. एकच माल, वाक्य दोन प्रकारे लिहिलं आणि पैसे सुटण्या-अडकण्याचा फरक पडला. भारी इंग्रजी कुठे लागलं यात?

आणि स्पेलिंगवरून रडतेस ना, त्याचंही ऐक. कागद तपासताना बँका ज्या प्रमाण पद्धतीवर चालतात, ती सांगते की अर्थ बदलत नसेल अशी टायपिंगची चूक कागद नाकारायला पुरेशी नाही. 'मशीन'च्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर चुकलं तरी चालेल. पण मॉडेल नंबर ३२१ च्या जागी १२३ पडला तर कागद परत. तेव्हा डोळे अक्षरांपेक्षा आकड्यांवर जास्त ठेव. आपल्या धंद्यात घोळ आकड्यांतच होतात. आपण दहा लाख लिहितो, परदेशी खरेदीदाराला दहा लाख कळत नाही, वन मिलियन लिहायचं. डच माणूस साडेचार किलोची पेटी ४,५ अशी लिहितो, दशांशाला स्वल्पविराम. हजाराला तो टिंब देतो, म्हणजे त्याच्या तक्त्यातलं १.२०० हे बाराशे. तारीख तर नुसत्या आकड्यांत कधीच लिहायची नाही. ०३/०४ ही आपल्याला तीन एप्रिल वाटते, अमेरिकन माणसाला चार मार्च. महिना अक्षरांत लिही, सुखी राहशील.

फोनची भीती वेगळी, मला माहितेय. कंटेनर नंबर सांगायचा असतो, चार अक्षरं आणि सात आकडे, आणि 'एम' की 'एन', 'बी' की 'डी' यात दोघंही ओरडत बसतात. त्याला साधा उपाय आहे: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. विमानवाले वापरतात ती सव्वीस नावं पाठ कर. बाराखडी पाठ केलीस तर हे काय आहे! 'थर्टीन' आणि 'थर्टी' ऐकू येत नसेल तर 'वन थ्री', 'थ्री झीरो' असं सुटं म्हण आणि समोरच्यालाही म्हणायला लाव. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. अगं, रॉटरडॅमच्या माणसाचीही मातृभाषा इंग्रजी नाही, दुबईच्या माणसाची नाही, चितगावच्या माणसाची तर नाहीच. सगळे उसन्या भाषेतच व्यापार करतात. हिशेब चोख आला की झालं.

आता अभ्यासाचं. 'रोज पहाटे पाच वाजता उठून दोन तास' असलं वेळापत्रक मला पाठवू नकोस, मी ते वाचणारसुद्धा नाही. जानेवारी ते एप्रिल तुमचं पॅकहाऊस रात्री अकरापर्यंत चालतं, तेव्हा घरी येऊन जेवलीस तरी पुष्कळ. बाग कशी चालते ते बघ आणि तसाच अभ्यास बसव. एप्रिलातल्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत ऑफिसात माश्या मारायची वेळ असते. अभ्यासाचा हंगाम तोच. ऐन निर्यातीच्या दिवसांत फक्त गोळा करायचं: अडलेला शब्द, न समजलेलं वाक्य, एखादा झकास लिहिलेला मेल. वहीत टिपायचं आणि झोपायचं. जूनमध्ये पाऊस लागला की वही उघडायची.

वही उघडून काय करायचं, तर एक जुनी युक्ती आहे. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात सांगितलीय. पोरवयात तो 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातले लेख वाचायचा, प्रत्येक वाक्यातल्या आशयाची जेमतेम खूण टिपायचा, काही दिवस लेख बाजूला ठेवायचा, मग खुणांवरून पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. तू हेच खरेदीदारांच्या मेलवर कर. समज, २०२४ च्या हंगामातला मेल आहे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या आणि माल उशिरा पोचणार होता. खुणा मराठीत टिप: 'बोट वळवली. नवी तारीख. तापमान तेच. माझ्या गिऱ्हाइकाला काय सांगू?' चार दिवसांनी त्यावरून इंग्रजी मेल लिही. मग मूळ मेल शेजारी ठेव. तुला सात ओळी लागल्या आणि त्यानं तीनच ओळींत काम उरकलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. तुझ्या मेलमध्ये आधी तब्येतीची चौकशी, मग 'काइंडली डू द नीडफुल', मग 'प्लीज रिव्हर्ट'. तो बिचारा डोकं खाजवतोय की नक्की काय 'नीडफुल' करू! नेमकं काय हवंय आणि कधीपर्यंत, एवढं लिही. नम्रता एका 'थँक यू'त मावते.

हे असं ताडून पाहणं म्हणजेच स्वतःचा स्वतः अभ्यास, बरं का. क्लासात चूक मास्तर दाखवतो, तू वहीत उतरवतेस आणि पुढच्या आठवड्यात तीच पुन्हा करतेस. स्वतः शोधलेली चूक सहसा विसरत नाही. म्हणून तू मला काही पाठवलंस तरी मी दुरुस्त करणार नाही. ज्या ओळीत काही बिघडलंय तिच्यासमोर टिंब देईन. काय बिघडलंय ते तू हुडकायचं. राग येईल, येऊ दे.

मोबाइलवरच्या त्या एआयबद्दलही विचारलं होतंस. वापर, पण आधी स्वतः लिही, मग त्याला दाखव आणि त्यानं काय बदललं ते बघ. पहिल्या ओळीपासून त्यालाच लिहायला लावलंस तर मेल फर्मास जाईल, आणि तेवढ्यात समोरून फोन आला तर तोंडाला कुलूप. शिवाय खरेदीदाराचं नाव, भाव, कराराच्या अटी त्यात घालायच्या नाहीत. तो कंपनीचा माल आहे, तुझा नाही. ऐकायला म्हणशील तर बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा-सहा मिनिटांचे फुकट भाग आहेत. भांडी घासताना लाव. दुसऱ्यांदा ऐकताना बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्यानं म्हण. सासूबाई काय म्हणतील? म्हणू देत. आठवडाभरात त्यांनाही पाठ होईल.

एक मात्र सांभाळ. ऑफिसात कोणीतरी असतंच, कॉन्व्हेंटमधून आलेलं, जे तुझ्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'वर हसतं. त्याच्या उच्चारांचा हेवा करत बसू नकोस, पण त्याच्याकडून शिकायचं सोडूही नकोस. त्याला सरळ म्हण, माझा मेल पाठवण्याआधी एकदा बघशील का, मी तुझी पॅकिंग लिस्ट तपासून देते. आकडे तुझे पक्के आहेत आणि त्याचे नसतील, हे मी पैजेवर सांगते. असली देवघेव वर्षभर टिकते, नुसती मदत मागितली की आठ दिवसांत कंटाळतात.

गोडी छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत मला एकदा इंग्रजीत फोन कर. मी डच खरेदीदार होईन, दहा मिनिटं घासाघीस करू. तू मराठीवर घसरलीस तरी मी घसरणार नाही, आणि भाव पाडून मागेन हेही आताच सांगते. दुपारी चारनंतर कर, त्याआधी मी बँकेत अडकलेली असते.