उंची कोठे खुंटते?



लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूच्या ज्ञानाबरोबर त्याच्या शरीराच्या वाढीचीही नोंद आहे. मुलांची उंची हा देवाच्या वचनालाही लहान विषय वाटला नाही. म्हणून या अंकात त्याविषयी लिहिते.

किनवट तालुक्यातील एका कोलाम वस्तीवर मी दोन वर्षांच्या एका मुलीला मोजले. ७७ सेंमी भरली. या वयाच्या मुलीची उंची साधारण ८६ सेंमी असते. ८० च्या खाली गेली की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तिची वाढ खुंटलेली धरतात. आजी म्हणाली, "सिस्टर, आमच्यात सगळे बुटकेच." मुलगी हसतखेळत होती, बारीकही दिसत नव्हती, म्हणून कोणाला काळजी वाटली नव्हती.

पूर्वी मी अशा घरी दूध पावडर देऊन समाधानाने परतत असे. आता आधी विचारते. या आईचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. तिचे स्वतःचे अंग भरण्याआधीच पोटात बाळ आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा कुटुंब ऊसतोडीला गेले. तेथे कोपीत मुक्काम, ओढ्याचे पाणी, उघड्यावर शौच. बाळाला वरचेवर जुलाब झाले आणि खाल्लेले अंगी लागले नाही. अंगणवाडीचा आहारही मागे गावीच राहिला.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १००० दिवस फार मोलाचे असतात. त्यात राहिलेली वाढ, शरीराची आणि बुद्धीचीही, पुढे भरून काढणे कठीण जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के झाले.

मग आपण काय करावे? अठरा वर्षांच्या आतील मुलीच्या लग्नाला मंडळीने आशीर्वाद देऊ नये. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला, पोहोचाल तेथील अंगणवाडीत नाव घाला, असे सांगावे. आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे ताजे जेवण मिळते. ते आपल्या माता घेतात का, हे पाहावे.

त्या मुलीची आई पुन्हा गरोदर आहे. दिवाळीनंतर टोळी निघेल तेव्हा तिला सहावा महिना असेल. यंदा तिने गावी राहावे म्हणून आम्ही घरच्यांशी बोलत आहोत. तिच्यासाठी प्रार्थना करा.