विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आणि साठ दिवसांची मुदत

विधी महाविद्यालय म्हणजे वकील तयार करणारी संस्था, अशी आपल्याकडे समजूत आहे. नागपूरचे उदाहरण पाहिले की ती अपुरी वाटते. 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि लवकरच त्याचे विधी महाविद्यालयही सुरू झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. आरंभीच्या काळात व्हिव्हियन बोस तेथे प्राचार्य होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. कोणते खटले विशेष न्यायालयाकडे धाडावेत हे सर्वस्वी शासनाच्या मर्जीवर सोडणारी तरतूद 1952 साली अन्वर अली सरकार खटल्यात रद्द झाली, तेव्हा बोस यांनी बहुमताच्या बाजूने स्वतंत्र निकालपत्र लिहिले. 1935 ते 1943 ह्या काळात महंमद हिदायतुल्ला तेथे शिकवीत. तेही पुढे सरन्यायाधीश झाले.

ह्या नावांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्या सडक अर्जुनी तालुक्यातून पाहताना मला वेगळाच प्रश्न पडतो. आपल्याकडे जंगल आहे आणि त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा करण्याचा अधिकार दिला. उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर निर्णय कळविल्यापासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. 2012 च्या दुरुस्त नियमांप्रमाणे समितीला वाटल्यास आणखी 30 दिवस मिळतात. आता, आलेला कागद घरात कुणाला नीट वाचता आला नाही आणि तो फळीवरच पडून राहिला, तर दिवस थोडेच थांबणार! जमीन जाते ती अशी, युक्तिवादाविना.

वास्तविक 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळते. त्यात नुसता सल्लाही येतो, केवळ कोर्टातला खटला नव्हे. विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रांचे काम येथे सुरू व्हावयास हवे. शिबिरातले भाषण पुरेसे नाही, हे माझे स्पष्ट मत. विधीच्या विद्यार्थ्याने ग्रामसभेत बसून फेटाळलेले दावे वाचावेत, कारण नोंदले आहे का ते पाहावे, अर्ज लिहून द्यावा. आपण कला शाखेचे विद्यार्थी कायदा शिकलेलो नाही. पण कागद हाती पडला ती तारीख त्याच्या मागे लिहून ठेवणे आणि तो विधी सेवा समितीच्या कार्यालयात पोहोचविणे आपल्यालाही जमेल.