विहिरीकडची रांग

चि. समीर,


काल वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, पोरगा तांबेऱ्यावर दुप्पट औषध मारतोय, तेही तोंडाला फडकं न बांधता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या.

अरे, औषध कमी पडलंय असं वाटतं का तुला? अंजिराचं पान उलटून बघ. खाली तांबूस पुळ्या दिसतील, बोट फिरवलं की भुकटी लागेल. ती वाऱ्याबरोबर बागभर जाते. गळलेली पानं झाडाखालीच पडलीत ना? रोग तिथे मुक्कामाला असतो. ती वेच, बागेबाहेर नेऊन जाळ. दाटलेल्या फांद्या काढ, ऊन-वारा आत जाऊ दे. खट्टा बहार पावसाळ्यातला, त्याला हे आधी हवं. फवारणी त्यानंतर.

बोर्डो एकच टक्का कर: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यांत दोन्ही वेगळं भिजव. मिश्रणात विळ्याचं पातं बुडव. तांबडं चढलं तर चुना वाढव. त्याच दिवशी संपव. पण दुप्पट नाही, समीर.

ही चूक मी केलेली आहे. एकोणीस वर्षांची होते. आबा सासवडच्या बाजाराला गेले होते. मी मोरचूद अंदाजाने जास्त टाकला, पातं बुडवून पाहिलं नाही. चार दिवसांत विहिरीकडची रांग करपली. आबा एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी एकटेच गळलेली पानं वेचत बसले. मी ओट्यावरून बघत राहिले, उठले नाही. ते अजून सलतं.

रागावले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. दादा गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून तू बाग धरलीस, हे मी विसरलेली नाही. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दादा किती हरखला होता! पण बाळा, अंजीर छाटलं की पुन्हा फुटतं. तुझ्या छातीत गेलेलं औषध कसं काढू? मास्क लाव, वाऱ्याकडे पाठ करून फवार, घरी आल्यावर आधी आंघोळ कर.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. विहिरीकडच्या रांगेपासून सुरुवात करू. या वेळी मी ओट्यावर बसणार नाही.

तुझी,
आत्या