ठसे आणि भेटीचे वेष्टन

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एखादी गोष्ट पक्की झाली, की तिच्यावर शिक्कामोर्तब झाले असे आपण म्हणतो. मराठेशाहीतील पत्रांच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत आणि मजकूर जेथे संपे तेथे एक लहान शिक्का उमटवीत. या लहान शिक्क्यास मोर्तब म्हणत. त्यानंतर कोणालाही पत्रात एक ओळसुद्धा वाढवता येत नसे. ठसा, छाप, मुद्रा, शिक्का हे शब्द भाषेत इतके रुजले, याचे कारण ही वस्तू दरबारापासून माजघरापर्यंत सर्वत्र वावरत होती. वारकरी आणि माध्व घरांतील मंडळी आजही गोपीचंदनाच्या मुद्रा अंगावर उमटवतात. गोकुळाष्टमीला कर्नाटकातील घराघरांत तांदळाच्या पिठात मूठ बुडवून ती उंबरठ्यापासून देवघरापर्यंत टेकवीत नेतात आणि बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके देतात; बाळकृष्णाची पावले तयार होतात. मुठीपेक्षा सोपा ठसा दुसरा कोणता असणार?

या पाठात आपण घरच्या घरी ठसे तयार करून भेटवस्तूंसाठी कागद छापण्याची कृती समजून घेणार आहोत.

बेंगळुरूशी मराठी भाषेचे नाते जुने आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आजही या शहरात मराठी बोलणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांपैकी भावसार क्षत्रिय समाजाचा परंपरागत व्यवसाय कापड रंगवणे आणि त्यावर लाकडी ठशांनी नक्षी छापणे हा होता. म्हणूनच या समाजाला रंगारी असेही म्हणतात. यंत्रावरील छपाई स्वस्त झाली, तसे बहुतेक रंगारी शिवणकाम, कापडाचा व्यापार किंवा नोकरी यांकडे वळले. हात तेच राहिले, हातातील ठसा मात्र सुटला.

त्या ठशाची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. तो सागवान किंवा शिसवीच्या लाकडातून कोरतात. नवा ठसा काही दिवस तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. मोठ्या ठशाला आरपार बारीक छिद्रे पाडतात, कारण ठसा दाबताना आत अडकलेली हवा बाहेर गेली नाही तर छाप डागाळते. कोपऱ्यातील लहानसा ठिपका ही पुढचा ठसा नेमका कोठे ठेवायचा याची खूण असते. एका फुलासाठी कधी दोन-तीन ठसे लागतात. एक बाह्यरेषा उमटवतो आणि दुसरा पाकळ्यांत रंग भरतो. चित्रकला येत नाही म्हणून मागे सरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की येथे चित्र एकदाच काढायचे असते. बाकी सारे काम मोजमापाचे आणि सावकाशीचे आहे.

आता आपल्या घरातील साहित्याकडे वळू. भेंडीचा देठाकडील भाग आडवा कापला, की पाच पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. बटाटा मधोमध कापून त्यावर पान, चांदणी किंवा कोयरी कोरता येते. मात्र कापलेला बटाटा लगेच रंगात बुडवू नये. त्याला पाणी सुटते आणि रंग पातळ होतो. तो फडक्याने टिपून दहा मिनिटे कागदावर पालथा ठेवावा. भाजीचा ठसा दिवसभरच टिकतो. टिकाऊ ठसा हवा असेल, तर झिजलेल्या रबरी चपलेचा तळ उपयोगी पडतो. त्यावर पेनाने आकृती काढून पात्याने कापावी आणि तो तुकडा लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवावा. ठोकळ्याला सुतळी गुंडाळली, तर रेघांची सुरेख छाप मिळते. पाते चालवताना ठसा हातात न धरता पाटावर ठेवावा आणि पाते नेहमी आपल्यापासून दूर न्यावे.

अक्षर छापायचे असल्यास ते ठशावर उलटे असावे लागते. आकृती आधी पातळ कागदावर काढून कागद पालथा करावा आणि मागून दिसणारी रेषा गिरवावी. आपल्या नावाचे पहिले अक्षर असे गिरवून पाहा. ‘म’सारखे ओळखीचे अक्षरही क्षणभर परके वाटू लागते.

कागद शाळेच्या वह्यांना घालतात तो खाकी कागद उत्तम. गुळगुळीत, चकचकीत कागदावर रंग नीट धरत नाही. ताटलीत जुन्या सुती कापडाच्या चार-पाच घड्या ठेवून त्यांवर दाट पोस्टर रंग पसरावा. ही झाली रंगाची गादी. ठसा तिच्यावर हलकेच टेकवावा, कागदावर सरळ दाबावा आणि सरळच उचलावा. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली, की छाप सर्वत्र सारखी येते. पहिले दोन-तीन ठसे रद्दीवर उमटवून पाहावेत. नक्षी सरळ रांगांत छापता येते किंवा भिंतीतील विटांप्रमाणे एकाआड एक रांग अर्ध्या अंतराने सरकवता येते. दुसऱ्या रचनेत लहानसहान चुका लपतात, म्हणून नवशिक्याला ती अधिक सोयीची.

कागद किती लागेल? समजा, डबा २० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच आहे. रुंदी आणि उंची यांच्या बेरजेची दुप्पट ३६ होते. त्यात चिकटवण्यासाठी २ मिळवल्यास एक बाजू ३८ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूस लांबी २०, आणि दोन्ही टोकांना दुमडण्यासाठी प्रत्येकी साडेचार, म्हणजे २९ सेंटिमीटर पुरतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. बाजारात चंदेरी वेष्टन सहज मिळते. परंतु त्या कागदावर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा पातळ थर असतो आणि तो कागदापासून वेगळा करणे कठीण जाते. त्यामुळे तो रद्दीत सहसा विकला जात नाही. बेंगळुरूच्या कचऱ्याचा भार शेजारच्या गावांनी दीर्घकाळ सोसला. २०१२ साली मावळ्ळीपुरा आणि २०१४ साली मंडूर येथील ग्रामस्थांच्या विरोधामुळे हा प्रश्न शहराला टाळता येईना. शहरातील सुका कचरा निवडणाऱ्या कष्टकऱ्यांच्या हाती साधा कागद आला तर त्याचे दोन पैसे होतात. चकचकीत वेष्टनाचे होत नाहीत. आपण खाकी कागद वापरला, तरी त्यावर चिकटपट्टी गुंडाळून हा लाभ घालवू नये. खळ आणि सुतळी पुरेशी आहे.

संक्रांतीला या शहरात मुली घरोघरी एळ्ळु-बेल्ल वाटतात आणि मराठी घरांत तिळगूळ दिला जातो. ठशांच्या कागदाला याहून योग्य निमित्त नाही. मात्र रंगवलेला कागद पुडीच्या बाहेरूनच लावावा, आत कोरा स्वच्छ कागद असावा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२३ साली बजावले आहे. छपाईची शाई पदार्थात उतरते. आपल्या पोस्टर रंगालाही तोच नियम लावावा.

पाठगत प्रश्न

मोर्तब आणि मुद्रा यांतील फरक दोन वाक्यांत लिहा. ‘ठसा उमटवणे’ हा वाक्प्रचार आपल्या ओळखीच्या एखाद्या कारागिराविषयी वाक्यात वापरा. ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच असलेल्या साडीच्या खोक्यासाठी किती कागद लागेल ते काढा. टोकांसाठी प्रत्येकी साडेपाच सेंटिमीटर धरा. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणी कोणकोणते ठसे वापरात होते ते विचारा आणि त्यांनी सांगितलेले शब्द, ते कानडी असोत वा मराठी, जसेच्या तसे वहीत टिपून ठेवा.