‘नाही’ लिहून घे

आईचा निराधार योजनेचा अर्ज नामंजूर झाला म्हणतोस, पण कुणी केला आणि कशावर? खिडकीवरचा बाबू ‘होत नाही’ म्हणाला, एवढंच ना? तो नकार नव्हे पोरा, ती नुसती बोलाचाली. तोंडच्या ‘नाही’वर अपील करता येत नाही. उद्या कोऱ्या कागदावर अर्ज लिही: आईचा अमुक तारखेचा अर्ज कोणत्या कारणानं फेटाळला, दाद कुणाकडं मागायची आणि किती दिवसांत, ते लेखी कळवावं. तो अर्ज आवक-जावकच्या टेबलावर दे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. ‘ठेवून जा’ म्हणाले तर हसून उभा राहा.

आपल्या सास्तूरच्या माणसाला कागदाची किंमत सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात गाव आडवं झालं. मग पुनर्वसनात कुणाला 250 चौरस फुटांचं घर, कुणाला 400, कुणाला 750, हे रानाच्या कागदावरून ठरलं. ज्याचा कागद घराच्या मातीखाली गेला, त्याची परवड मी पाहिली आहे.

लेखी कारण हातात आलं की तेवढंच धर. लोक अपिलात गरिबी लिहितात, भूकंप लिहितात, नवरा गेल्याचं दुःख लिहितात, आणि कारणाला उत्तरच देत नाहीत. उत्पन्नावरून अडवलं असेल तर उत्तर उत्पन्नाचंच. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे, इतरांसाठी 21,000. आईचा अर्ज चुकून दुसऱ्या रकान्यात मोजला गेला का, ते आधी बघ. उत्पन्नाचा दाखलाच मिळत नसेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसांत पहिलं अपील टाक. योजनेच्या समितीच्या बैठकीत काय ठरलं ते कळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत.

पण वहिनींचं, म्हणजे तुझ्या आईचं, दुखणं दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचं दिसतंय, आणि खरी मेख तिथंच असते. चाळीस टक्के भरले तरच पुढचं सगळं. प्रमाणपत्रावर पस्तीस असतील तर तहसीलदारांच्या पाया पडून ते चाळीस होणार नाहीत. तो अधिकारच त्यांचा नाही. टक्के रुग्णालय ठरवतं, म्हणून दादही आरोग्य खात्याच्याच वाटेनं मागायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 मध्ये प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची सोय आहे. ते कुणाकडं करायचं, हे धाराशिवला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचार, तेही लेखीच.

आता नीट ऐक. वहिनींना कमी ऐकू येतं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणीत कुणी सांगितलं का? नाही. पाय लंगडा दिसला, पायाचेच टक्के लागले. दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि एकाच माणसाला दोन असू शकतात. फक्त बेरीज सरळ होत नाही. समज, पायाचे 35 आणि कानाचे 20 निघाले, तर 55 धरत नाहीत. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरले 55. त्याला लहान आकड्यानं, म्हणजे विसानं गुणायचं आणि नव्वदनं भागायचं, आले बारा. ते पस्तिसात मिळवले की सत्तेचाळीस. दिव्यांगांच्या पांढऱ्या ओळखपत्राच्या जागी पिवळं येईल, ते असं. म्हणून कानाची तपासणी मागून घे, आणि ऐकू येण्याच्या चाचणीचा आलेख फाईलला लाव.

तपासणीच्या दिवशी वहिनींना जरीकाठी लुगडं नेसवून, वेदना गिळायला शिकवून नेऊ नकोस. आपल्या बायका डॉक्टरसमोर ‘बरी आहे’ म्हणतात, ही आपली खोड. संडासला बसताना कुणाचा हात लागतो, हंडा उचलतो का, मागून हाक मारली तर कळतं का, हे त्यांनीच सांगावं. खोटं एक अक्षर नको. जुने एक्स-रे असले तर ने. झेरॉक्स दे, मूळ कागद पिशवीत ठेव. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक यांवरचं नाव अक्षरानं अक्षर जुळतंय का, ते आदल्या रात्री उजेडात बसून बघ.

दलालाला पैसे देऊ नकोस. दिव्यांग माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन लावून विचार.

ऑक्टोबर 2025 पासून निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदान महिन्याला 2,500 झालंय. मंजुरी आली तरी खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, तेवढं बँकेत आधीच बघून ये. आणि वर्षाला हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला तर पैसे बंद होतात आणि आपण मात्र सरकारनं बंद केले म्हणत बसतो.