शुक्रावरील तीन नावे

(इयत्ता ५ वी ते ७ वी : विज्ञान व इतिहास यांचा संयुक्त पाठ)

हेतू : आकाशस्थ गोलांना व त्यांवरील स्थळांना नावे कोणत्या नियमाने मिळतात हे विद्यार्थ्यांस समजावे आणि आपल्या प्रांताशी निगडित अशा तीन नावांमागील चरित्रांचा त्यांस परिचय व्हावा.

साहित्य : महाराष्ट्राचा नकाशा, विजेरी, रेडिओ, जाड घोंगडी.

प्रस्तावना : ओतूरच्या मुलांस वर्षातील काही महिने सूर्यास्तानंतर पश्चिमेच्या डोंगरांवर शुक्राची चांदणी दिसते. ती चांदणी नसून पृथ्वीएवढाच मोठा ग्रह आहे, हे प्रथम सांगावे. नंतर विचारावे, "त्या ग्रहावर कल्याणच्या एका मुलीचे नाव आहे. ते तेथे कसे पोहोचले असेल?" मुलांनी तर्क करावेत, उत्तर लगेच देऊ नये.

विवेचन : १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पियाझी या ज्योतिर्विदास मंगळ व गुरू यांच्या दरम्यान एक लहान गोल आढळला. त्याने त्यास धान्यदेवता सिरीस हिचे नाव दिले व त्यापुढे आपल्या राजाचेही नाव जोडले. इतर देशांनी देवतेचे नाव स्वीकारले, राजाचे गळून पडले. पुढे असे लघुग्रह लक्षावधी सापडले. आज लघुग्रहाची कक्षा निश्चित झाली म्हणजे त्यास क्रमांक मिळतो, शोधकर्ता नाव सुचवितो आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती त्यास मान्यता देते. राजकारणी वा सेनानी यांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे लोटल्याखेरीज देता येत नाही. पैसे घेऊन ताऱ्यास नाव देणाऱ्यांची प्रमाणपत्रे हा संघ मानीत नाही, हेही मुलांस सांगावे.

अंतराळवीर कल्पना चावला यांचे नाव ५१८२६ क्रमांकाच्या लघुग्रहास आहे. मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य केलेले गायक पंडित जसराज यांचे नाव २०१९ मध्ये ३००१२८ या लघुग्रहास मिळाले. हा क्रमांक उजवीकडून दोन-दोन अंकांनी वाचला असता २८-०१-३० ही त्यांची जन्मतारीख येते. मुलांनी ती स्वतः शोधावी.

शुक्राचा नियम निराळा आहे. तेथील वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना, हयात नसलेल्या कर्तृत्ववान स्त्रियांची नावे देतात. मात्र ही विवरे दुर्बिणीतून दिसत नाहीत, कारण शुक्र दाट ढगांनी सदैव झाकलेला असतो. येथे एक प्रयोग करावा. पेटविलेली विजेरी घोंगडीत गुंडाळावी. प्रकाश दिसेनासा होतो. नंतर चालू रेडिओ गुंडाळावा. बातम्या ऐकू येतच राहतात, म्हणजे रेडिओलहरी घोंगडीतून आत जातात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील पंचेचाळीस मीटर व्यासाच्या दुर्बिणी आकाशातून येणाऱ्या अशाच लहरी टिपतात. शुक्राकडे गेलेल्या 'मॅगेलन' यानाने १९९० ते १९९४ या काळात रेडिओलहरी खाली सोडून व त्यांचा प्रतिध्वनी टिपून जवळजवळ सर्व भूपृष्ठाचा नकाशा तयार केला.

त्या नकाशात एका विवराचे नाव 'जोशी' आहे. ओतूरहून माळशेज घाट उतरून जाणारा रस्ता ज्या कल्याणास पोहोचतो, तेथे आनंदीबाई जोशी यांचे बालपण गेले. विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल काही दिवसांतच दगावले व वैद्यक शिकण्याचा निश्चय तेथून दृढ झाला. १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांनी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी वयास बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

दुसरे विवर 'मेधावी'. पंडिता रमाबाईंचे हे सासरचे आडनाव. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढे आपल्याच जिल्ह्यातील केडगाव येथे निराधार स्त्रियांस आश्रय दिला. तिसरे विवर 'झिराड'. बेने इस्राएल समाजातील डॉक्टर जेरुशा झिराड यांनी पुण्यात शालेय शिक्षण घेतले, मुंबईस व लंडनला वैद्यक पूर्ण केले आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली.

शिक्षकांस सूचना : या पाठाचा शेवट गौरवाने करू नये, एका प्रश्नाने करावा. आनंदीबाईंस त्यांच्या पतीने अक्षर शिकविले. रमाबाईंस संस्कृत घरातच शिकविले गेले, तेव्हा लोकांनी त्या घरास बोल लावला. बुद्धी पुष्कळ मुलींस असते; शिकविण्याचा आग्रह धरणारे माणूस प्रत्येकीस लाभत नाही. पटावरील एखादी मुलगी कांद्याच्या लागणीस वा धाकट्या भावंडास सांभाळण्यास म्हणून वारंवार गैरहजर राहत असेल, तर त्या आठवड्यातच तिच्या घरी जावे. आनंदीबाईंच्या काळी तिच्यासाठी गावात शाळा असेलच असे नव्हते. आज शाळा आहे. तेव्हा त्या आग्रही माणसाची जागा शिक्षकाने घ्यावयाची आहे.

प्रश्न :
१. सिरीसच्या नावातील राजाचे नाव का टिकले नसावे?
२. शुक्राचे विवर साध्या दुर्बिणीने का दिसत नाही?
३. कल्याण व केडगाव नकाशात दाखवा.
४. आपल्या गावातील कोणत्या स्त्रीचे नाव तुम्ही विवरास सुचवाल? तिचे कार्य पाच ओळींत लिहा.